पूजेचा खांब

१

खांब मोडला तेव्हा मी मैदानावर नव्हतो, आणि ते एका परीने बरंच झालं. जे होते त्यांनी नंतर मला आपापलं पाहिलेलं इतकं ठासून सांगितलं की मीही तिथे असतो तर माझंही एक मत झालं असतं. मत झालेल्या माणसाला पुढचं काही दिसत नाही.

घडलं ते एवढंच. बंद पडलेल्या मिलच्या मागच्या मैदानावर रविवारी सकाळी ‘झेप’ संस्थेच्या मुलींचा खो-खोचा सामना होता. बघायला पीथमपूरच्या एका नव्या कंपनीचे साहेब आले होते. ते तीन मुली निवडून कंपनीच्या संघात घेणार होते, म्हणजे नोकरीच. मिलला कुलूप लागल्यापासून त्या वस्तीत नोकरी हा शब्द लोक जरा हळूच उच्चारायचे. यमुना पहिली निवडली जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पळणाऱ्या मुलीला खांबात मारावं ते यमुनेनेच. एका हाताने खांब धरायचा, अंग हवेत झोकून द्यायचं आणि दुसऱ्या हाताने तिला गाठायचं. तिने तसा सूर मारला आणि खांब तिच्यासकट खाली आला. गळ्याजवळचं हाड मोडलं, कोपर निखळलं. हात पूर्वीसारखा होईल याची डॉक्टरांना खात्री नव्हती.

खांबाचा जो भाग जमिनीत असतो, तिथे तो आधीच करवतीने कापून ठेवलेला होता.

हे सगळं सोमवारी सकाळी मल्हारगंजातल्या आमच्या घरी बसून जयसिंगराव मला सांगत होते. जयसिंगराव ‘झेप’चे अध्यक्ष. पणजोबा होळकरांच्या दरबारी, हे स्वतः ट्रॅक्टरचे सुटे भाग विकतात, पण खुर्चीत बसतात ते अजून दरबारात बसल्यासारखे.

“बाबूराव, गोदामाला आग लागली की लागलेली कोणती अन् लावलेली कोणती ते तुम्ही ओळखता. हे पण जरा देखून द्या.”

“मी विम्याचा सर्व्हेअर आहे. तुमच्या खांबाचा विमा होता का?”

“मजाक नका करू यार. उद्या संध्याकाळी मैदानावर मीटिंग ठेवली आहे, पूरी वस्ती येणार. प्रत्येकाच्या तोंडी एकच नाव आहे, संताजी.”

संताजी मिलच्या सुतारखात्यात होता. आता मुलींसाठी रोज खांब उभे करतो, तेही फुकट. त्याची मुलगी लीला याच संघात. निवडीत तिचा नंबर यमुना आणि इतर दोघींच्या मागे, म्हणजे चौथा. यमुना पडली की लीला आत.

“करवत सुताराकडेच असते ना?” जयसिंगराव म्हणाले. “उद्या लीलाचं नाव कापायचं, संताजीला ठाण्यावर द्यायचं, असं लोकांचं म्हणणं आहे. नाही दिलं तर सगळे बाप आपापल्या पोरींना घरी बसवणार. संस्था खतम.”

“मग द्या की. माझ्याकडे कशाला आलात?”

जयसिंगरावांनी कप खाली ठेवला. “कारण त्याने केलं नसेल तर मग काय तोंड दाखवू?”

मी साफ नाही म्हणालो. मला दोन गोदामांचे रिपोर्ट लिहायचे होते आणि पोरींच्या खेळातलं मला काही कळत नव्हतं. एवढं बोलून होईपर्यंत मी बूट घालून उभा होतो. आमच्या सौभाग्यवती, इंदुमतीबाई, आतून म्हणाल्या, “नाही म्हणून झालं असेल तर मफलर घेऊन जा. गार आहे बाहेर.”

२

मैदान रिकामं होतं. मिलची चिमणी समोर नुसती उभी. मला एका जागी थांबता येत नाही, हा माझा जुना रोग आहे. मी त्या मैदानाला चकरा मारू लागलो आणि भूषण माझ्या मागे मागे येत राहिला. भूषण मुलींचा प्रशिक्षक. पंचविशीतला, गळ्यात शिट्टी, डोळ्यांखाली काळं.

“सर, थोडं खडे राहा ना,” शेवटी तो म्हणाला. “मला चक्कर येते आहे.”

मी मोडलेला खांब मागितला. तो कोठीत ठेवला होता. कोठीच्या किल्ल्या तिघांकडेच, हे त्याने न विचारता सांगितलं: एक त्याच्याकडे, एक संताजीकडे आणि एक यशोधराताईंकडे. यशोधराताई म्हणजे ‘झेप’. शाळेतली कायम नोकरी सोडून या बाईंनी मिलवाल्यांच्या घराघरांत जाऊन, बापांच्या शिव्या खाऊन या मुलींना मैदानावर आणलं होतं. मुली त्यांना नुसतं ताई म्हणत.

“खांब काढून कोठीत का ठेवता?”

“बाहेर ठेवला तर चुलीत जाईल, सर. मिल बंद झाल्यापासून लोक सायकलस्टँडची फळकुटंही उचलून नेतात.” जमिनीत लोखंडी नळी पुरलेली होती. रोज सकाळी खांब नळीत उतरवायचा, चारी बाजूंनी लाकडी पाचरी ठोकायच्या की घट्ट. संध्याकाळी पाचरी काढून खांब परत कोठीत.

मी खांब उजेडात आणला. काप नळीच्या तोंडाच्या जेमतेम खाली होता, म्हणजे खांब उभा केला की तो दिसणारच नाही. तिथे मेणबत्तीचं मेण भरून वर माती चोळलेली. काप जवळजवळ आरपार, थोडंच लाकूड शिल्लक ठेवलेलं. पण कापाच्या आजूबाजूला पाती घसरल्याचे चांगले तीनचार ओरखडे होते. काप बारीक होता आणि मध्येच वाकडा गेला होता. ही लाकडाची करवत नव्हे. नळ कापायच्या पातीने, सवय नसलेल्या हाताने केलेला उद्योग होता.

वर, हाताच्या उंचीला, लाकडावर एक तांबडा डाग होता.

“हे रक्त?”

“हो,” भूषण घाईने म्हणाला. “यमुनाचं.”

यमुनेचं हाड मोडलं होतं, कातडी फाटली नव्हती. हे मला जयसिंगरावांनीच सांगितलं होतं. खोटं बोलणाऱ्याला थोडं पुढे जाऊ द्यावं, तो आपणच वाट दाखवतो.

“असा कापलेला खांब खेळ सुरू होईपर्यंत टिकला कसा?” मी विचारलं. “तुम्ही तपासत नाही?”

त्याचा चेहरा पडला. “तपासतो ना. म्हणजे पोरीच तपासतात. खांब उभा केला की दोघीदोघी येतात. बुडाशी पाय रोवायचा, वरून दोन्ही हातांनी धरायचा आणि पूर्ण वजनाने मागे झुकायचं. मग बाजू बदलून परत. आम्ही त्याला खांब ताणणं म्हणतो. ताईंनी लावलेली सवय आहे. संस्था सुरू झाल्यापासून एक दिवस चुकलेली नाही.”

“या खांबाला ताणला असता तर?”

“तिथेच कटकन बोलला असता. पोरी सावध असतात, फार तर बसक्या पडल्या असत्या. सामना मात्र झाला नसता, जादाचा खांब नाही आमच्याकडे.”

“मग रविवारी काय झालं?”

भूषणने शिट्टी मुठीत धरली. “एक खांब ताणला, सर. हा नाही ताणला.”

“का?”

“ते मी नाही सांगणार. पोरींना विचारा.”

३

लीला घरासमोरच्या नळावर हंडा भरत होती. मला पाहिल्यावर तिने हंडा अर्धाच उचलला.

“माझ्या बाबांनी नाही केलं,” ती म्हणाली. “तुम्ही विचारण्याआधीच सांगते.”

“मी खांबाविषयी विचारायला आलोय. ताणला का नाही?”

तिने गल्लीत इकडे तिकडे पाहिलं. “ताईंना नाही ना सांगणार?”

“ते मी ठरवीन.”

“मग नाही सांगत.”

मुलगी बापासारखी नसेल तर आईसारखी असणार. वाकायला तयार नव्हती. मी म्हणालो, “उद्या तुझ्या बाबांना लोक ठाण्यात नेणार आहेत. ताईंची भीती मोठी का ती?”

हंडा खाली आला, आणि मग सगळं एका दमात बाहेर पडलं. रविवारी जयसिंगराव भल्या सकाळी नारळ, हार, कुंकू घेऊन आले. एवढा मोठा दिवस, कंपनीचे साहेब येणार आणि साधी पूजासुद्धा नाही, हे त्यांच्या मनाला पटेना. ताईंनी मैदानावर पूजा बंद केलेली. सगळ्या जातीधर्माच्या पोरी खेळतात, मैदानावर फक्त खेळ, असा त्यांचा नियम. पण त्या दिवशी ताई साहेबांना आणायला हॉटेलवर गेल्या होत्या. त्यांच्या माघारी जयसिंगरावांनी उगवतीकडच्या खांबाला कुंकू लावलं, हार घातला, नारळ फोडला. आदल्या दिवशी कुणाला याची कल्पनाही नव्हती.

“मग सर म्हणाले, चला, खांब ताणा,” लीला म्हणाली. “पण पूजेच्या खांबाला पैर कसा लावायचा, काका? कुंकू होतं त्याच्यावर! यमुनाच पहिली म्हणाली, मी नाही लावत. मग कुणीच तयार होईना. सर रागावले, पण जयसिंगराव म्हणाले, बच्च्या बरोबर म्हणताहेत, आज देव राखेल. सर चूप बसले. दुसरा खांब ताणला आम्ही. मग साहेबांची गाडी दिसली तसा हार काढून टाकला, कुंकू पुसलं.”

मला एकदम राग आला. कोणावर ते मात्र ठरवता येईना. पाय लावायला नको म्हणणाऱ्या पोरींवर रागवावं तर घरात चुकून वहीला पाय लागला तरी मी नमस्कार करतो.

“खांब उभा केला तेव्हा तुझ्या बाबांच्या काही लक्षात आलं नाही?”

लीला हंड्याच्या काठावरून बोट फिरवत राहिली.

“बाबा नव्हतेच मैदानावर,” ती शेवटी म्हणाली. “खांब मी आणि सरांनी घाईत उभा केला. बाबा कुठे गेले होते, ते मलाही सांगत नाहीत.”

४

संताजी घरात खाटेवर बसला होता. माणूस उंच, हात मोठे, बोलणं कमी. मी विचारलं, रविवारी सकाळी कुठे होतात? तो म्हणाला, “ठाण्यातच सांगीन.”

“ठाण्यात कोणी एवढं नीट विचारणार नाही.”

“तर नको विचारू दे.”

मी उठलो आणि त्या खोलीत फेऱ्या मारू लागलो. खोली एवढीशी, तीन पावलांत संपायची. संताजी बघत राहिला. शेवटी त्यालाच सहन होईना.

“बसा ना हो भिया. विजय नगरला गेलो होतो.”

“कशाला?”

“उधर नवीन बिल्डिंगा होताहेत. चौकीदार घ्यायचे होते. लाइन लागली होती.” त्याने आपल्या हातांकडे पाहिलं. “मिलमध्ये माझ्या हाताखाली बारा सुतार होते. त्यातले दोघे त्याच लाइनमध्ये माझ्या पुढे उभे. आम्ही एकमेकांना ओळख नाही दिली. घरी काय सांगू? पोरगी म्हणते, माझे बाबा कारीगर आहेत.”

मी चष्मा काढून पुसला. पण माझ्यातला सर्व्हेअर गप्प बसेना. हा माणूस खांब ताणण्याची सवय जाणत होता, पूजेच्या वेळी तिथे नव्हता, किल्ली त्याच्याकडे होती आणि मुलीचा फायदाही होता. चार गोष्टी त्याच्या विरुद्ध.

“संताजीराव, समजा तुम्हाला तो सामना मोडायचा असता. काय केलं असतं?”

तो माझ्याकडे असा बघायला लागला जणू मी मूल आहे. “काय म्हणजे? पाचर ढिली ठोकली असती. खांब आपोआप हलला असता. झालं. नंतर कुणाला सापडलंही नसतं.”

बस्स. मला पाहिजे होतं ते मिळालं. रोज जो खांब उभा करतो त्याला करवतीची गरजच काय? करवत त्याने चालवली ज्याच्या हातात पाचर कधीच नसते. आणि त्याने ती वेडीवाकडी, चारदा घसरत चालवली. संताजी नव्हे. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि बाहेर पडलो.

बाहेर पडलो खरा, पण सुटका झाली नाही. एक नाव खोडलं की उरलेली जवळ येतात, आणि उरलेली फार थोडी होती.

५

मंगळवारी दुपार कलल्यावर मी यशोधराताईंच्या कचेरीत गेलो. कचेरी म्हणजे मिलच्या जुन्या पाळणाघराची एक खोली. भिंतीला लावून मुलींचे बूट ओळीने ठेवलेले. बाई पन्नाशीच्या, कापूस मिसळलेले केस घट्ट बांधलेले. बसा म्हणाल्या आणि स्वतः उभ्याच राहिल्या. खिडकीपाशी गेल्या, परत आल्या. मीही उभाच. आम्ही दोघं त्या खोलीत पिंजऱ्यातल्या जनावरांसारखे एकमेकांना टाळत फिरत होतो.

“यमुनाला भेटलात?” त्यांनी विचारलं.

“अजून नाही. तुम्ही?”

“गेले होते. झोपली होती.” त्या थांबल्या. “मी दारातूनच परत आले.”

मी कंपनीविषयी विचारलं आणि बाई पेटल्या.

“तीन मुली त्यांच्या, बाबूरावजी. आणि बाकीच्या चाळीस? संस्थेला कंपनीचं नाव, मैदान विजय नगरला, जाळीबिळी लावलेलं, मस्त. इथून पोरी जाणार कशा? कुठला बाप दोन बस बदलून मुलीला उधर पाठवणार? महिन्याभरात सगळ्या धुण्याभांड्याला लागतील, नाहीतर लग्नं. मी विश्वस्तांना सांगून थकले. जयसिंगराव म्हणाले, ताई, जमाना बदलला आहे, आता कंपन्यांबरोबरच चालावं लागेल. सगळ्यांनी हात वर केले. सामना संपला की मंचावर कराराच्या सह्या. साहेब संध्याकाळच्या विमानाने जाणार, परत कधी येतील माहीत नाही.”

“म्हणजे सामना झाला नसता तर सह्या टळल्या असत्या.”

“टळल्या असत्या,” त्या म्हणाल्या. “मला थोडा वेळ मिळाला असता. वस्तीतल्या बायकांना घेऊन कलेक्टरकडे जायचं माझं चाललं होतं, हेच मैदान मागायला.”

मी मुद्दाम खिडकीबाहेर बघत म्हणालो, “आणि त्यात ती पूजा आडवी आली.”

“पूजा?”

“उगवतीकडच्या खांबाची. जयसिंगरावांनी केली. म्हणून तर मुलींनी त्याला पाय लावला नाही. एकच खांब ताणला.”

बाईंच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मला दिसला. त्या खाली बसल्या. मी आल्यापासून पहिल्यांदाच.

“मग भूषण मला हो का म्हणाला?” हे त्या मला विचारत नव्हत्या. “मी गाडीतून उतरल्या उतरल्या विचारलं होतं त्याला, दोन्ही खांब ताणले ना? तो म्हणाला, हो ताई, दोन्ही.”

तुमचा नियम मोडला म्हणून तो खोटं बोलला, असं मी सांगायला हवं होतं. पण माझी जीभ दुसरीकडेच वळली.

“ताई, रोज मुली आपणहून खांब ताणतात. तुम्ही हे कधी विचारत नाही. मग त्या दिवशीच, साहेबांना गाडीत तसंच सोडून, पहिला प्रश्न हाच का विचारलात?”

६

शेवटी मीच बोलायला लागलो, आणि माझा आवाज मला हवा त्यापेक्षा कडक निघत होता.

“मी सांगतो. ज्याने खांब कापला त्याला कुणालाही दुखवायचं नव्हतं. सकाळी खांब ताणला जाणारच, तो तिथेच मोडणार, सामना रद्द होणार, एवढाच हिशेब. म्हणजे त्याला ही सवय पक्की ठाऊक होती. जयसिंगराव एरवी सकाळी मैदानावर येत नाहीत, त्यांना ती ठाऊक नव्हती, त्यांच्याकडे किल्लीही नाही. भूषणकडे किल्ली आहे, पण कुणाला पाडायचं असतं तर पूजेनंतर तो ताणा म्हणाला नसता, आणि सामना मोडायचा असता तर ताणा म्हणून चूप बसला नसता. स्वतः खांबाला लटकला असता. संताजीला करवत लागत नाही, पाचर पुरते. मग राहिलं कोण? ज्याला सवय ठाऊक आहे, ज्याच्याकडे किल्ली आहे, ज्याचा हात लाकडावर बसलेला नाही आणि पूजा झाली हे ज्याला आज, आत्ता, माझ्या तोंडून कळलं.”

बाहेर वस्तीतल्या बायका मैदानाकडे जाऊ लागल्या होत्या. मीटिंगची वेळ होत आली होती.

“शनिवारी संध्याकाळी कापला,” यशोधराताई म्हणाल्या. “घरी नळ दुरुस्त करायला पाती आणली होती, तीच. पाती सारखी घसरत होती. आयुष्यात पहिल्यांदाच मैदानाशी बेईमानी करत होते ना. मला वाटलं, कटकन आवाज होईल, पोरी हसतील, साहेब निघून जातील. बस.”

“आणि भूषण हो म्हणाला तेव्हा?”

“वाटलं, मी कमी कापला असणार. खांब टिकला. मग खुर्चीवर बसले आणि वाटायला लागलं, थांबवावं. पण काय सांगून थांबवू? मला कसं माहीत, असं कुणी विचारलं तर?”

“तिकडे संताजीला धरताहेत.”

“मला ठाऊक आहे.”

“दोन दिवस ठाऊक आहे!”

“मी बोलले तर काय होईल ते पण ठाऊक आहे,” त्या एकदम ओरडल्या. “झेपच्या ताईनेच खांब कापला! एक तरी बाप उद्या पोरीला पाठवेल? चाळीस घरांतून एकेक मुलगी भांडून बाहेर काढली आहे मी. सगळ्या परत आत जातील. संताजीवर काही साबित होणार नाही असं वाटलं. दोनचार दिवस लोक बोलतील अन् विसरतील.”

“लीला विसरेल?”

त्या भिंतीशी लावलेल्या बुटांकडे बघत बसल्या. मला त्यांचा राग येत होता आणि त्यांच्याविषयी आदरही वाटत होता, आणि दोन्ही एकदम वाटणं फार वाईट असतं. मी सांगितलं की मीटिंगमध्ये एकतर त्या बोलतील, नाहीतर मी बोलेन. मग मी बाहेर पडून मैदानाला चकरा मारत राहिलो. त्या येतील की मागच्या दाराने निघून जातील, हे मला खरोखर माहीत नव्हतं.

७

मैदान भरलं होतं. यमुनाही आली होती, गळ्यात बांधलेली झोळी, हात त्यात. संताजी एका बाजूला एकटा उभा, त्याच्याभोवती लोकांनी जागा मोकळी सोडलेली. लीला बापाच्या शेजारी जाऊन उभी राहिली होती. जयसिंगरावांनी बोलायला सुरुवात केली, एवढ्यात यशोधराताई गर्दीतून वाट काढत आल्या आणि त्यांनी माइक घेतला.

त्या फार थोडं बोलल्या. खांब मी कापला. का कापला. यात संताजींचा काही संबंध नाही, लीलाचा नाही. ठाण्यावर मी स्वतः जाते आहे. कोठीची किल्ली त्यांनी टेबलावर ठेवली.

आधी कुणाला कळलंच नाही. मग गलका झाला. कुणी शिवी दिली, कुणी रडायला लागलं. भूषण मटकन खाली बसला. एका माणसाने मुलीचं मनगट पकडलं आणि तिला ओढत गेटकडे निघाला. त्याच्या मागे दुसरा निघाला. ताई म्हणाल्या होत्या तसंच होत होतं.

संताजी गेटच्या मधोमध जाऊन उभा राहिला.

“कुठे चालला भिया?” तो म्हणाला. “खांब पोरीने कापला काय? सजा तिला कशाला?”

“बाजूला हो. तुझ्यावरच तर आळ होता आतापर्यंत.”

“होता ना! दोन दिवस तुम्ही कुणी माझ्या दारात नाही आले. तरी उद्या सकाळी खांब उभा करायला मी येणार आहे. मी येतो तर तुझी पोरगी का नाही येणार?”

तो माणूस तसाच उभा राहिला. त्याच्या मुलीने आपलं मनगट सोडवून घेतलं आणि ती मैदानात परत पळाली. दुसऱ्याने आपल्या मुलीचा हात सोडला. किती जण खरंच गेले आणि किती राहिले, ते त्या गर्दीत मला कळलं नाही. निम्म्याहून जास्त राहिले असावेत.

मी यशोधराताईंच्या बरोबर ठाण्यापर्यंत जायचं ठरवलं होतं. आम्ही निघालो तेव्हा यमुना आडवी आली. ती बारीक अंगाची मुलगी होती. एवढ्या सामन्यांत लोकांना तिचा धाक वाटायचा हे तिच्याकडे बघून खरं वाटलं नसतं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, किंवा होता तर तो तिने नंतरसाठी ठेवला होता.

“ताई, एक विचारू?”

यशोधराताईंनी मान हलवली.

“मी सूर मारला ना, तेव्हा तुम्ही मला दिसलात. तुम्ही खुर्चीतून उठून खड्या झाला होतात. खांब मोडायच्या आधीच. तुमचं तोंड पण उघडं होतं.” तिने झोळीतला हात सावरला. “मग ओरडला का नाहीत?”

मी दुसरीकडे बघायला लागलो. जयसिंगरावही बघायला लागले. त्या बाईंनी मात्र नजर हलवली नाही, एवढं मला कबूल करायला हवं.

“त्या वेळेला मला तू दिसली नाहीस, यमुना,” त्या म्हणाल्या. “संस्था दिसली.”

“मला तर वाटायचं, ते एकच आहे,” यमुना म्हणाली, आणि लीलाने हाक मारली तिकडे निघून गेली.